यादीत नसलेली दारं

२०२५ च्या मे महिन्यात एका शनिवारी सकाळी मी न्यू जर्सीत, एडिसनला, एका अपार्टमेंट बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर फोन हातात घेऊन उभी होते. गव्हर्नरच्या निवडणुकीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, १० जूनला होती, डेमोक्रॅट्सकडून सहा जण रिंगणात होते आणि त्यातल्या एकासाठी मी व्हॉलंटियर म्हणून दारं वाजवत होते. कोणासाठी ते इथे लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते सहाही जणांना लागू आहे. फोनवर एक ॲप असतं, त्यात त्या दिवसाची यादी येते, कुठल्या घरात जायचं, कोणाला भेटायचं, वय काय, पक्ष कुठला. त्या बिल्डिंगमध्ये चोवीस घरं होती आणि माझ्या यादीत पाच. म्हणजे एकोणीस दारांसमोरून नुसतं पुढे जायचं.

यादीतल्या एका दाराची बेल वाजवली, आत कोणी नव्हतं, पत्रक दारात अडकवत होते तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला आणि मी मराठीत बोलायला लागले, तर समोरचं दार उघडलं. साठी ओलांडलेल्या एक काकू, हातात पोळपाट पुसायचं फडकं तसंच. "मराठी का गं तू? कोणाकडे आली होतीस?" मी म्हटलं काकू, इलेक्शनचं काम करतेय. तर म्हणाल्या, "अगं पण इलेक्शन नोव्हेंबरात असतं ना?"

मग आम्ही दारातच वीस मिनिटं बोलत उभ्या राहिलो. काकू अकरा वर्षं सिटिझन आहेत. नोव्हेंबरचं एकही मतदान त्यांनी चुकवलेलं नाही, गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षीसुद्धा वॉकर घेऊन गेल्या. पण जूनमध्ये एकदाही नाही. का, तर "ते पक्षवाल्यांचं आपापसातलं असतं ना? आपण कुठे कुठल्या पक्षात." आणि पुढे जे म्हणाल्या ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. "समोरच्यांकडे दर वर्षी माणसं येतात बरं का. आमच्याकडे अकरा वर्षांत कोणी आलं नाही. मला वाटायचं ते देणगी देत असतील म्हणून येतात."

समोरचे देणगी देत होते की नाही मला माहीत नाही. ते यादीत होते एवढंच मला माहीत होतं, आणि काकू नव्हत्या.

ही यादी कशी बनते ते सांगते, कारण प्रायमरीतला उमेदवार काय बोलतो, कोणाशी बोलतो, कशावर गप्प बसतो, याचं निम्मं उत्तर त्या यादीत आहे असं माझं ठाम मत झालंय. अमेरिकेत मतदारांची नोंद प्रचारवाल्यांना मिळते. तुम्ही कोणाला मत दिलं ते कोणालाच कळत नाही, पण कुठल्या निवडणुकीत मत दिलं आणि कुठल्या नाही, हे त्यात असतं. आणि बऱ्याच राज्यांत तुम्ही कुठल्या पक्षाचे म्हणून नोंदवलेले आहात तेही. प्रचाराची टीम काय करते, तर मागच्या चार प्रायमरींपैकी तीनदा आलेले लोक वेगळे काढते, कारण ते यावेळी येणार हे जवळजवळ नक्की. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी ठरवतात, इथे ते या अशा मतदानातून ठरतं, आणि त्या मतदानाला फार कमी लोक येतात. २०१६ मध्ये दोन्ही पक्षांत एवढी चुरस होती, हिलरी क्लिंटन विरुद्ध बर्नी सँडर्स आणि तिकडे ट्रम्प विरुद्ध सगळे, तरी मतदान करू शकणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांच्या आसपासच लोक प्रायमरीत आले. गव्हर्नर, काँग्रेस (म्हणजे इथली संसद) वगैरेच्या प्रायमरीत तर त्याहून कमी. अशा वेळी व्हॉलंटियरचे दोन तास, चाळीस दारं, आणि पैसे मोजके, तर माणूस हमखास येणाऱ्याच्याच दारावर जाणार. मी कॅम्पेन मॅनेजर असते तर मीही तेच केलं असतं, खरंच. पण वर्षानुवर्षं सगळ्यांनी तेच केलं की काकूंचं दार कधीच वाजत नाही, आणि दार वाजत नाही म्हणून काकू येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून पुढच्या यादीतही नसतात.

टीव्हीवर हा सगळा विषय फार सोपा करून सांगतात. पक्षाचा बेस, म्हणजे हक्काचे मतदार, हे कट्टर लोक, एक डावीकडच्या टोकाला आणि एक उजवीकडच्या. नवीन मतदार म्हणजे मधले, समजूतदार, कुंपणावरचे. म्हणून उमेदवार प्रायमरीत टोकाला जातो आणि नंतर मध्याकडे सरकतो. यात थोडं तथ्य आहे, रिपब्लिकनांच्या मिट रॉमनीनी २०१२ मध्ये प्रायमरीत स्वतःला एकदम कडक कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवून घेतलं आणि मग मार्चमध्ये त्यांच्याच सल्लागाराने टीव्हीवर सांगितलं की नंतर सगळं हलवून, पाटी पुसून नवं चित्र काढता येतं, त्याने एका खेळण्याचं उदाहरण दिलं होतं, आणि ते त्यांना शेवटपर्यंत चिकटलं. पण मी इथे अठरा-एकोणीस वर्षं जे पाहिलं त्यात हे समीकरण जितक्या वेळा बरोबर निघालं तितक्याच वेळा चुकलं. बेस दरवेळी कट्टर नसतो आणि नवीन मतदार दरवेळी मधला नसतो.

माझी सुरुवात आयोवापासून झाली. लग्न होऊन आले ती डे मॉइनला, नवऱ्याची नोकरी तिथल्या इन्शुरन्सच्या आयटीत, मला कामाची परवानगी नाही आणि बाहेर बर्फ. शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांनी ३ जानेवारी २००८ ला मला कॉकस बघायला नेलं, म्हणजे प्रायमरीसारखीच, पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची बैठक. मत द्यायचा प्रश्नच नव्हता, पण नुसतं बघायला बसता येतं. शाळेचं कॅफेटेरिया होतं. डेमोक्रॅट्सच्या कॉकसला तेव्हा पेटी नाही, बटण नाही, एका खोलीत सगळे शेजारी जमायचे आणि ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, मग डोकी मोजायचे. ज्याच्या कोपऱ्यात पंधरा टक्के पण नाहीत त्याचे लोक मोकळे, मग बाकीच्या कोपऱ्यांतले त्यांना हाका मारायचे, या इकडे, या, अगदी नाव घेऊन, तुझ्या मुलीला मी पोहायला शिकवलंय वगैरे.

सात वाजता दार बंद होणार होतं आणि पावणेसातला रांग पार्किंगपर्यंत गेली होती. नवीन नोंदणीच्या टेबलावरचे फॉर्म संपले. कोणीतरी शाळेच्या ऑफिसात जाऊन झेरॉक्स काढून आणल्या, कागद पिवळा होता ते पण आठवतंय. आयोवात तेव्हा त्याच रात्री तिथेच नोंदणी करता यायची, रिपब्लिकन असलात तरी तिथल्या तिथे डेमोक्रॅट म्हणून नाव बदलता यायचं, आणि नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतरा वर्षांच्या मुलांनाही येता यायचं. माझ्या समोर असाच एक मुलगा होता, ओबामांचा स्टिकर लावलेला, आणि तो त्याच्या आईला फॉर्ममध्ये कुठे काय भरायचं ते दाखवत होता. आई म्हणत होती इतकी वर्षं इथे राहते पण हे असं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शेजारच्या बाई क्लिंटनच्या बाजूच्या, १९७६ पासून एकही कॉकस न चुकवलेल्या. त्या रांगेकडे बघत मला हळूच म्हणाल्या, मी या भागात तीस वर्षं राहते आणि यातल्या निम्म्या लोकांना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या आवाजात थोडी भीती होती आणि थोडा आनंदही होता, दोन्ही एकदम. कॉकसवर मनापासून प्रेम करणारी बाई होती ती, गर्दी बघून डोळे भरून आले होते तिचे, आणि आपली बाजू हरणार हेही तिला तेव्हाच कळलं होतं.

त्या रात्री आयोवात डेमोक्रॅट्सच्या कॉकसला दोन लाख तीस हजारांहून जास्त लोक आले, चार वर्षांपूर्वी सव्वा लाखाच्या आसपास आले होते. आलेल्यांत निम्म्याहून जास्त पहिल्यांदा आलेले. ओबामा पहिले, एडवर्ड्स दुसरे, क्लिंटन अगदी थोडक्याने तिसऱ्या.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. निकालाच्या दोन-तीन दिवस आधी डे मॉइन रजिस्टर या पेपरचा पोल आला होता, अ‍ॅन सेल्झरचा, त्यात ओबामा सात टक्क्यांनी पुढे आणि येणाऱ्यांपैकी साठ टक्के पहिल्यांदा येणारे असं म्हटलेलं. बाकीच्या कॅम्पेन्सनी त्याला उडवून लावलं, इतके नवीन लोक कधी येत नसतात म्हणून. त्यांचं चुकलं कुठे, तर मागच्या वेळी कोण आलं होतं त्यावरून त्यांनी यावेळचा हिशोब केला. सेल्झरबाईंनी लोकांना विचारलं की तुम्ही येणार का, आणि लोक हो म्हणाले ते खरं मानलं. म्हणजे पुन्हा तेच, यादी. अनुभवी, हुशार, पैसेवाल्या लोकांनासुद्धा यादीबाहेरचं माणूस दिसत नव्हतं.

पण यातून जे लोक असा अर्थ काढतात की ओबामांनी बेस बाजूला ठेवला आणि नवीन लोकांवर जिंकले, ते मला पटत नाही. बेसला पटेल असं त्यांच्याकडे आधीच काहीतरी होतं, इराक युद्ध सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबर २००२ मध्ये शिकागोत त्यांनी त्या युद्धाविरुद्ध जाहीर भाषण केलं होतं, आणि क्लिंटननी सिनेटमध्ये युद्धाला परवानगी देणारं मत दिलं होतं. डेमोक्रॅट्सच्या जुन्या कार्यकर्त्यांसाठी तेव्हा याहून मोठा प्रश्न नव्हता. नोव्हेंबर २००७ मध्ये डे मॉइनला पक्षाचं जेफरसन-जॅक्सन डिनर झालं, तिकीट काढून येणारे सगळे पक्षातले मुरलेले लोक, तिथलं त्यांचं भाषण अजून लोक आठवतात. तर बेससमोर उभं राहून 'मीच का' ते सांगितलं, आणि दुसरीकडे गावोगावी ऑफिसं टाकून नवीन लोकांना कॉकस म्हणजे काय, कुठे यायचं, किती वाजता, किती वेळ लागतो, मुलं आणली तर चालतं का, हे शिकवलं. दोन वेगळी कामं आहेत ही. जुन्या मतदाराला 'कोण' आणि 'का' हवं असतं. नवीन माणसाला आधी 'कसं' हवं असतं, आणि आपण गेलो तर कोणी हाकलणार नाही ना, एवढा दिलासा. काकूंचा प्रश्न तोच होता की.

शेजारच्या बाईंनी मला २००४ चंही सांगितलं होतं. हॉवर्ड डीन तेव्हा डेमोक्रॅट्सच्या तिकिटासाठी उभे, तरुणांचे लाडके, इंटरनेटवरून भरपूर पैसे गोळा करणारे, आणि त्यांच्यासाठी देशभरातून हजारो मुलं केशरी टोप्या घालून आयोवात दारोदार फिरली. बाई म्हणाल्या, मुलं फार गोड होती, मी त्यांना गरम कोको दिला, पण ती आमच्यातली नव्हती, मी त्यांना माझ्या रस्त्याचं नाव विचारलं तर फोनमध्ये बघावं लागलं असतं अशी. (तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते, कागदावर होते, पण मुद्दा कळला.) डीन तिसरे आले. नुसतं दार वाजवून होत नाही, दार कोण वाजवतंय तेही लागतं. २००८ ला त्या कॅफेटेरियात आईला फॉर्म शिकवणारा तिचा स्वतःचा मुलगा होता.

त्याच खोलीत एका भिंतीशी जो बायडनचं पोस्टर पण होतं आणि त्याखाली मोजून तीन माणसं. राज्यभरात त्यांना एक टक्कासुद्धा मिळाला नाही आणि त्याच रात्री ते शर्यतीतून बाहेर पडले. म्हणून २०२० चं साऊथ कॅरोलायना बघताना मला ती तीन माणसं सारखी आठवत होती.

२०२० मध्ये सँडर्स यांचं गणित उघड होतं, आपण तरुण आणि कधी मत न दिलेले कामगार लोक इतके आणू की पक्षाचे जुने लोक काय म्हणतात याने फरक पडणार नाही. मला तो माणूस आवडतो, त्यांची कळकळ खरी आहे यात मला कधी शंका आली नाही. नेवाडात ते सहज जिंकले, तिथे लॅटिनो वस्त्यांमध्ये त्यांच्या लोकांनी महिनोन्महिने काम केलं होतं. आणि मग आलं साऊथ कॅरोलायना, २९ फेब्रुवारी. तिथे डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय. हा डेमोक्रॅटिक पक्षाचा खरा बेस, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकांवर बसणाऱ्या वयस्कर बायका, ज्यांनी एकही निवडणूक चुकवली नाही कारण मत देता येत नव्हतं ते दिवस त्यांनी स्वतः पाहिलेत. आणि हा बेस अजिबात टोकाचा नाही. फार हिशोबी आहे, कोण जिंकेल, कोण आपल्याला ओळखतो, कोण उद्या फोन उचलेल. जिम क्लायबर्न, तिथले खासदार, यांनी बायडनना पाठिंबा जाहीर करताना सांगितलं होतं की एका अंत्यविधीला चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या एका वयस्कर बाईंनी त्यांना जवळ बोलावून हळूच विचारलं, तुम्ही कोणाला मत देणार? त्यांनी कानात सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या की मला हे ऐकायचं होतं, आणि इतरांनाही ते ऐकायचंय. तीन दिवसांनी बायडन तिथे ४८ टक्के घेऊन जिंकले.

आणि लगेच पुढच्या मंगळवारी, ३ मार्चला व्हर्जिनियात काय झालं बघा. २०१६ ला तिथे डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीत आठ लाखांच्या आत लोक आले होते, २०२० ला तेरा लाखांच्या वर. नवीन गर्दी आलीच, सँडर्स म्हणत होते तशी! पण ती बायडनसाठी आली. वॉशिंग्टनच्या आसपासच्या उपनगरांतले लोक, ट्रम्पना कंटाळलेले, त्यातले कितीतरी पूर्वी रिपब्लिकनांना मत देणारे. व्हर्जिनियात पक्षाची नोंदणीच नसते, कोणीही यावं, आणि त्या वर्षी रिपब्लिकनांनी प्रायमरी घेतलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सँडर्सनी प्रामाणिकपणे मान्य केलं की तरुणांना आणण्यात आपल्याला वाटलं होतं तितकं यश आलं नाही. 'नवीन मतदार' म्हणताना आपल्या डोळ्यासमोर विशीतला मुलगा येतो, पण यावेळी ती पन्नाशीतली उपनगरातली बाई होती.

रिपब्लिकनांकडे पण हेच. २०१६ ला आयोवात त्यांच्या कॉकसला विक्रमी गर्दी, एक लाख ऐंशी हजारांच्या वर, आणि सगळे आधी म्हणत होते गर्दी झाली तर ट्रम्प. जिंकले टेड क्रूझ, कारण चर्चला जाणारा बेससुद्धा त्याच विक्रमी संख्येने उठून आला होता.

बेसला दुखावून नवीन लोक आणता येतात का, याचं उत्तर मला रिपब्लिकनांच्याच जॉन मॅकेन यांच्या गोष्टीत मिळतं. फेब्रुवारी २००० मध्ये न्यू हॅम्पशायरला ते बुश यांना अठरा टक्क्यांहून जास्त फरकाने हरवतात, तिथे कुठल्याच पक्षाचे नसलेले लोक कुठल्याही एका प्रायमरीत मत देऊ शकतात आणि ते सगळे मॅकेनकडे धावले. मिशिगनलाही तेच, पक्षाबाहेरच्यांच्या जोरावर जिंकले, पक्षाच्या लोकांत मात्र बुश पुढे. मग महिन्याच्या शेवटी व्हर्जिनियात जाऊन त्यांनी पॅट रॉबर्टसन आणि जेरी फॉलवेल या दोन मोठ्या धर्मगुरूंवर थेट हल्ला केला, तेही त्यांच्याच राज्यात, मतदानाच्या आदल्या दिवशी. मला ते भाषण धाडसी वाटतं. पण आठ-दहा दिवसांत त्यांची मोहीम संपली. २००६ मध्ये तेच मॅकेन फॉलवेलच्या लिबर्टी युनिव्हर्सिटीत पदवीदानाला भाषण करायला गेले आणि २००८ ला पक्षाचं तिकीट मिळालं. निकी हेली २०२४ ला न्यू हॅम्पशायरमध्ये ४३ टक्क्यांपर्यंत गेल्या त्या अशाच पक्षाबाहेरच्यांवर, आणि जिथे फक्त पक्षाचे लोक मोजायचे तिथे बहुतेक ठिकाणी ट्रम्पसमोर काही चाललं नाही. तरी शर्यत सोडल्यावर दोन महिन्यांनी इंडियानात त्यांना वीस टक्क्यांच्या वर मतं पडली. बाहेर पडलेल्या उमेदवाराला जाऊन मत देणारी ती माणसं कोण, त्यांच्याकडे नंतर कोणी गेलं का, मला फार वाटायचं की कोणीतरी जावं.

नियम तर आहेतच. २०१६ ला न्यू यॉर्कमध्ये १९ एप्रिलला प्रायमरी होती आणि आधीपासून नोंदलेल्या माणसाला पक्ष बदलायची शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५. सहा महिने आधी! सँडर्सचे कितीतरी चाहते तेव्हा अपक्ष म्हणून नोंदलेले, ते राहिले बाहेर, आणि ट्रम्पची मुलं इव्हांका आणि एरिक पण राहिली, स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. नंतर न्यू यॉर्कने ती तारीख फेब्रुवारीपर्यंत आणली. आमच्या न्यू जर्सीत वेगळाच प्रकार होता, 'काउंटी लाइन'. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. एकवीसपैकी एकोणीस काउंटींमध्ये मतपत्रिकेवर काउंटीच्या पक्षसंघटनेच्या पसंतीचे सगळे उमेदवार एका ओळीत आणि बाकीचे कुठेतरी लांब कोपऱ्यात, त्याला इथे लोक सरळ 'सायबेरिया' म्हणायचे. अशा ठिकाणी उमेदवाराला बेस पण नको आणि नवीन मतदार पण नको, काउंटीच्या अध्यक्षांना चहाला बोलावलं की झालं. अँडी किम सिनेटसाठी उभे होते तेव्हा त्यांनी कोर्टात दाद मागितली आणि मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांनी डेमोक्रॅट्सच्या प्रायमरीसाठी ती ओळ बंद केली. २०२५ ला सहा-सहा जण खरंखुरं लढत होते, दारोदार फिरत होते, ते त्यामुळे. मी स्वतः एडिसनच्या त्या जिन्यात उभी होते ती पण त्यामुळेच म्हणायला हरकत नाही.

आणि त्याच जूनमध्ये नदीपलीकडे न्यू यॉर्क शहरात महापौरपदाच्या प्रायमरीत झोहरान ममदानींनी जे केलं ते मी रोज बघत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प जिंकल्यावर लगेच ते ब्रॉन्क्समध्ये फोर्डहॅम रोडवर आणि क्वीन्समध्ये हिलसाइड अ‍ॅव्हेन्यूवर माइक घेऊन उभे राहिले, जिथे डेमोक्रॅट्सची मतं घटली होती तिथे, आणि लोकांना विचारलं तुम्ही कोणाला मत दिलं, का दिलं, की दिलंच नाही. आणि ऐकत राहिले, वाद घातला नाही. भाडं, किराणा, बस, लोक तेच सांगत होते आणि पुढे प्रचारही त्यावरच केला. मग हिंदीत व्हिडिओ केला, लस्सीचे ग्लास मांडून रँक्ड चॉइस, म्हणजे पसंतीचा क्रम लावून मतदान कसं करायचं ते समजावलं. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत तो व्हिडिओ फिरला, ज्या घरांत प्रायमरी हा शब्द कधी कोणी उच्चारला नव्हता. ती बंद प्रायमरी होती, फक्त नोंदलेल्या डेमोक्रॅट्सची, तरी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंना हरवून जिंकले. पण वयस्कर कृष्णवर्णीय मतदारांच्या बऱ्याच वस्त्यांत तेव्हा कुओमो पुढे होते, आणि ममदानी नंतर तिथल्या चर्चमध्ये जात राहिले, नोव्हेंबरपर्यंत. बेसकडे जायचं काम त्यांनी नंतर केलं पण केलं, आणि त्याचं मला जास्त कौतुक वाटतं.

तर काकू. त्या दिवशी मी त्यांना सांगितलं की तुम्ही कुठल्या पक्षात नाही म्हणून नोंदलेल्या आहात ना, मग काही करायला नको, १० जूनला नेहमीच्या केंद्रावर जा, कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते टेबलावर सांगा, तुम्हाला मिळेल, आणि तिथून पुढे तुमचं नाव त्या पक्षाचं म्हणून लागेल. नको वाटलं तर नंतर बदलता येतं. त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना? परत पाठवणार नाहीत ना?" मी ॲपमध्ये काकूंचं काय टाकावं बघत होते, तर तिथे त्यांच्यासाठी रकानाच नव्हता, यादीत नसलेल्या माणसाशी बोललीस तर काय, असं त्याने विचारलंच नाही. मग एका कागदावर नाव लिहून ऑफिसात दिलं. माझी पाच दारं त्या दिवशी पूर्ण झाली नाहीत, तीनच झाली.

१० जूनला दुपारी काकूंचा फोन आला, मतदान करून आल्या होत्या. कोणाला दिलं ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टेबलावरच्या मुलाने पक्ष विचारला तेव्हा क्षणभर घाबरल्या होत्या म्हणाल्या, पण त्याने हसून मशीनकडे हात केला.

ऑक्टोबरमध्ये परत फोन. "अगं ऐक, आज माझ्याकडे दोन माणसं येऊन गेली. एक सकाळी, एक आत्ता. माझं नाव घेऊन विचारत होते." त्यातल्या मुलीला त्यांनी आत बसवून चहा दिला होता, आणि शेजारच्या दारावर पण जा म्हणून सांगितलं होतं, तिथे एक नवीन कुटुंब आलंय, नुकतेच सिटिझन झालेत. मुलगी म्हणाली, ते माझ्या यादीत नाहीत. मग काकू स्वतः तिच्याबरोबर गेल्या आणि बेल वाजवली.